साडेपाचचे ढग

वारज्याला आमच्या इमारतीच्या गच्चीवरून पूर्वेकडे पाहिलं की पुणं पार हडपसरपर्यंत उघडं पडलेलं दिसतं. ऑक्टोबर लागला की दुपारचा चहा मी तिथंच घेते. ऊन असं की पाठीला चटका बसतो, वाळत घातलेल्या चादरी तासाभरात पापडासारख्या कडक होतात, आणि कुणाच्या तरी घरातून चकलीच्या भाजणीचा वास येत असतो. चार वाजून गेले की पलीकडे, लोणी काळभोरच्या अंगाला, एक ढग उगवतो. आधी फ्लॉवरच्या गड्ड्याएवढा. माझा चहा संपेपर्यंत त्याला दुसरा गड्डा फुटतो, मग तिसरा. माथा पांढराशुभ्र आणि बूड काळंनिळं. जूनमधल्या पावसाचं कौतुक सगळ्यांनी करून झालंय. मला आवडतो तो हा परतीचा. निरोप घेऊन उंबऱ्यात उभा राहिलेला पाहुणा "बरं का, एक सांगायचं राहिलंच" म्हणत आणखी अर्धा तास बोलतो ना, त्यातलीच ही गत.

परवा मी अशीच उभी होते तेव्हा खालच्या मजल्यावरची मृण्मयी धावत वर आली. ही मुलगी घरी बसून कुठल्याशा परदेशी कंपनीचं काम करते आणि गच्चीवर फक्त कपड्यांसाठी येते.

"काकू, कपडे काढा पटकन. फाइव्ह थर्टीला थंडरस्टॉर्म दाखवतंय."

तिनं फोन माझ्यासमोर धरला. उपग्रहानं वरून टिपलेले ढग, दर थोड्या वेळानं एक अशी चित्रं एकामागून एक पळत होती. सोलापूरकडून आमच्याकडे सरकत येणारा पांढरा ठिपका स्पष्ट दिसत होता. "ऑलमोस्ट लाइव्ह असतं हे," ती म्हणाली आणि चादरी कवटाळून मीटिंगला पळाली.

आभाळ वरून कसं दिसतं ते आता तळहातावर येतं आणि माणसं ते बघून कपडे काढतात. त्यात गैर काही नाही, कपडे भिजू नयेतच. पण साडेपाच हा आकडा ऐकला की माझ्या मनात तांबोळी सर उभे राहतात, आणि त्यांच्याबरोबर तो एक परतीचा पाऊस, ज्याचं एक चित्र माझ्या भिडस्तपणामुळे हुकलं.

मी मूळची वर्ध्याची. लग्न होऊन पुण्यात आले आणि पेठेतल्या एका कॉलेजात भूगोल शिकवायला लागले. विभागात माणसं दोनच, विभागप्रमुख तांबोळी सर आणि मी. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलणं असं की समोरच्याला घरी गेल्यावर कळावं आपल्याला काय बोलले ते. त्यांच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात विड्याची पानं विकली. "आमच्या आजोबांना पानाचं देठ बोटात धरून हवेतली ओल कळायची," ते सांगत, "मला त्यासाठी एम.ए. करावं लागलं." वर्ध्याहून आलेल्या मला पहिल्या वर्षी या माणसाची धास्ती वाटायची. दुसऱ्या वर्षी लक्षात आलं की ज्याच्यावर त्यांचा जीव असतो त्यालाच ते टोचून बोलतात, आणि टोमणा आला नाही तर मला चुकल्यासारखं व्हायला लागलं.

सरांना वेड एकच, ढग वरून पाहण्याचं. वर्गात फळ्यावर खडूनं ढग काढून दाखवायचा त्यांना मनापासून कंटाळा होता. "खडूचा ढग आणि खडूचा डाग यात फरक करून दाखवा," म्हणायचे. त्या काळी उपग्रहाचं चित्र सामान्य माणसाला दिसायचं ते टीव्हीवर, बातम्यांच्या अगदी शेवटी, वीसेक सेकंद. सर त्या वीस सेकंदांसाठी दिवसभर तयारी करत. पडद्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद, त्याची वरची दोन टोकं धरून मुलगी रेहाना, घड्याळ घेऊन भाभी, आणि स्केचपेन सरसावून सर. चित्र आलं की स्वतःलाच ओरडायचे, "किनारा आधी!" आधी कोकणचा किनारा गिरवायचा आणि मग ढग. एका वर्षी त्यांनी वेळ वाचवायला किनारा आधीच छापून घेतलेले कागद वापरले होते. त्यांच्या टीव्हीचं चित्र थोडं डावीकडे सरकलेलं होतं, हे हंगाम संपल्यावर ध्यानात आलं. त्या वर्षी पुण्याचे सगळे ढग रत्नागिरीपुढे समुद्रात जाऊन पडले. तेव्हापासून हा नियम झाला. किनारा नसेल तर ढग म्हणजे नुसता डाग.

पुढे केबल आली, वाहिन्या वाढल्या, आणि ढगांचे वीस सेकंद पाचावर आले. त्यातही निवेदिका नेमकी अरबी समुद्रावर उभी राहायची. सर हताश होऊन म्हणायचे, "अहो, बाजूला व्हा बाई, तुमच्या मागे कमी दाबाचा पट्टा आहे." असे बारा-पंधरा वर्षांचे कागद त्यांच्याकडे होते, पण सलग एकही हंगाम नव्हता. कधी वीज गेली, कधी घरात लग्न निघालं, कधी निवडणुकीचे निकाल लागले आणि हवामान गाळलं गेलं. कागदांच्या प्रत्येक गठ्ठ्यात भोकं होती.

मग तो पावसाळा आला. पुण्यात इंटरनेट नुकतं आलं होतं आणि जो तो संगणकाच्या क्लासला चालला होता. सर मात्र दाराच्या चौकटींना खांदे आपटत होते. वर्गात कडेच्या बाकांवरच्या मुली त्यांना दिसेनाशा झाल्या. तपासणीत काचबिंदू निघाला, तोही बराच पुढे गेलेला. गेलं ते परत येणार नाही, उरलेलं टिकवायचा प्रयत्न करू, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं.

सरांनी मला हे स्टाफरूममध्ये सांगितलं, खडूचा डबा संपलाय असं सांगावं तशा आवाजात. "दोन्ही बाजूंनी कुणीतरी पडदे ओढत आणलेत. मधली खिडकी उघडी आहे अजून." मग चष्मा पुसत म्हणाले, "राऊतबाई, एक परतीचा पाऊस अख्खा बघायचा राहिलाय. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, मध्ये एकही भोक नको. पुढच्या वर्षी दिसेल की नाही, सांगता येत नाही."

"बघू या, सर," मी म्हणाले. याच्याहून शहाणं काही मला तेव्हा सुचलं नाही.

आम्ही आधी सरकारी दारी, हवामान खात्यात गेलो. अर्ज केला, त्यात प्रयोजनाच्या रकान्यात सरांनी सुवाच्य अक्षरात "अध्यापन व संशोधन" लिहिलं. तिथले अधिकारी भले होते. चहा पाजला आणि जुन्या काही चित्रांच्या प्रती हौसेनं दिल्या. पण रोजचं चित्र रोज हवं तर वरून परवानगी लागणार होती. "ढग काही परवानगीसाठी थांबत नाहीत," ते स्वतःच हसून म्हणाले, "थांबतो ते आम्ही."

शेवटी वाट निघाली ती शनिवार पेठेतून. कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर गोडबोल्यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. गोडबोल्यांनी निम्मे टाइपरायटर भिंतीला लावून त्यांच्या जागी तीन संगणक मांडले होते. दारात नवी पाटी होती, "इंटरनेट जगभर आहे. आवाज इथपर्यंतच ठेवावा." आत दुसरी, "संगणक हळू चालल्यास तो जगाचा दोष समजावा."

"काय हवंय?" गोडबोल्यांनी विचारलं.

"ढगांचं चित्र."

"खिडकीतून दिसत नाहीत?"

असा आमचा स्नेह जुळला. उपग्रह असा शब्द घालून शोधलं की छत्रीसारख्या तबकड्या विकणारी दुकानं यायची. चार दिवस मी नको ते सगळं पाहिलं. पाचव्या दिवशी युरोपातल्या कुठल्याशा विद्यापीठाचं एक साधं पान सापडलं. तिथल्या कुणा शिक्षकानं आपल्या विद्यार्थ्यांसाठी हिंदी महासागरावरच्या ढगांची चित्रं ठेवली होती, दिवसाला चार. आपल्या डोक्यावरचे ढग सात समुद्रांपलीकडून मागवायचे, याचं मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. पण त्या अनोळखी माणसाबद्दल इतकी माया दाटून आली की मी पडद्याला नमस्कारच केला. गोडबोले म्हणाले, "पाटी लावू का, इथे दर्शनाची सोय आहे म्हणून?"

चित्रांवर नुसते आकडे होते. 0000, 0600, 1200, 1800. मी 1200 निवडलं. दुपारचे बारा, सूर्य माथ्यावर, चित्र लख्ख येणार. एक अडचण होती. त्या पानावर एका वेळी एकाच दिवसाची चित्रं राहायची. दुसऱ्या दिवशीचं 1200 आलं की आदल्या दिवशीचं पुसलं जायचं. म्हणजे एक दिवस चुकला की कायमचा चुकला.

सप्टेंबरच्या मध्यावर आम्ही सुरुवात केली. सकाळी टायपिंगची पहिली बॅच बसायची, त्या खडखडाटात मी आणि सुनंदा संगणकासमोर. सुनंदा दुसऱ्या वर्षाला होती, लोणी काळभोरहून पहाटेची बस धरून यायची. बोलायची कमी, पण तिच्याइतक्या नेटक्या वह्या मी दुसऱ्या कुणाच्या पाहिल्या नाहीत. चित्र वरून खाली, ओळीओळीनं उलगडत यायचं. आधी हिमालय, मग गंगेचं मैदान. फोनची लाइन कधीही तुटायची, त्यामुळे विंध्य ओलांडेपर्यंत आमचा जीव टांगणीला. कोकणचा किनारा आला की सुनंदा हळूच म्हणायची, "आला." मग छपाई. समुद्र काळाकुट्ट असल्यामुळे शाई भरमसाट जायची. "ढग पांढरे असतात असं शाळेत शिकलो होतो," गोडबोले पुटपुटायचे, "तुमचा समुद्र माझा प्रिंटर पिऊन टाकणार."

चित्र घेऊन आम्ही प्रयोगशाळेत जायचो. सुनंदा कोपऱ्यात तारीख आणि "दुपारी १२" असं वळणदार अक्षरात लिहायची आणि भिंतीवर चिकटवायची. सर नाक टेकेल इतक्या जवळ जाऊन, भिंगातून, एकेक बोट जागा सरकत बघायचे. मधल्या त्या छोट्या खिडकीतून त्यांना अख्खा देश तुकड्यातुकड्यानं पाहावा लागायचा. बघून झालं की "हं" म्हणायचे. ते "हं" कमावण्यासाठी मी रोज सकाळी घरचा स्वयंपाक अर्धा टाकून निघायची.

एक खोट मात्र होती. प्रत्येक चित्रात उजव्या टोकाला, आसामच्या बाजूला, काळं यायचं. मी ते गोडबोल्यांच्या माथी मारलं.

"तुमच्या प्रिंटरला उजवी बाजू झेपत नाही."

"बाई, माझा प्रिंटर कुठल्याही राज्याबद्दल पक्षपात करत नाही." तरी त्यांनी शाईची डबी बदलली. काळं तसंच राहिलं.

सुनंदाची शंका वेगळी होती. "मॅडम, काल बाराला आमच्याकडं लख्ख ऊन हुतं. ह्यात तर आमच्यावर एवढा मोठा ढग हाय."

"अगं, उपग्रहाला उंचावरून दिसतं. आपल्याला खालून न दिसणारे विरळ ढगही त्याला दिसतात." मी ठोकून दिलं. ती "हां मॅडम" म्हणाली. "हां मॅडम" या दोन शब्दांत आमच्या विद्यार्थिनी जेवढा अविश्वास भरू शकतात, तेवढा वर्तमानपत्रातल्या अग्रलेखातही मावत नाही.

भिंतीवर अठरा-एकोणीस चित्रं झाली होती. एके सकाळी वर्ग भरलेला असताना सर भिंग घेऊन पहिल्या चित्रापासून निघाले, पण या वेळी प्रत्येकाचा फक्त उजवा कोपरा बघत. शेवटच्या चित्राशी थांबले.

"राऊतबाई, हे काळं रोज थोडं पश्चिमेला सरकतंय. शाई सरकते का?"

मी भिंतीशी जाऊन तो कोपरा पाहिला.

"हा प्रिंटरचा दोष नाही. आसामात सूर्य मावळलाय. दिवस लहान होतायत, म्हणून अंधार रोज थोडा लवकर पोचतोय."

"दुपारी बारा वाजता, सर?"

"बारा. पण कुणाचे?"

आणि माझ्या पायाखालची फरशी सरकली. ग्रीनिचचे बारा! उपग्रहाची घड्याळं ग्रीनिचवर चालतात. तिकडे दुपार असते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. हे मी वर्षातून दोनदा, दोन वर्गांना, पृथ्वीचा गोल फिरवून शिकवत होते. प्रश्नपत्रिकेत घालत होते. चुकणाऱ्यांचे गुण कापत होते. सुनंदा वहीत डोकं घालून बसली होती. तिच्या खांद्यांवरून कळत होतं की ती हसू दाबतेय. मी भर वर्गात तिला म्हणाले, "तू बरोबर होतीस गं. मीच माझं शहाणपण पाजळलं." ती इतकी लाजली की मलाच अवघडल्यासारखं झालं.

सरांना मात्र आनंद मावत नव्हता. परतीच्या पावसाचे ढग दुपारनंतर उठतात आणि साडेपाचला भरात असतात. आम्ही अज्ञानानं निवडलेली वेळ नेमकी हवी तीच निघाली होती. "शहाणपणानं निवडली असती तर चुकली असती," असा निर्वाळा देऊन त्यांनी सगळ्या चित्रांवरचे बारा लाल शाईनं खोडायला लावले. मुली कामाला लागल्यावर माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "कडेनं येणारा अंधार मला हल्ली ओळखता येतो." मी खिडकीकडे गेले. डोळे भरून आले होते आणि ते सरांना दिसणार नव्हते, याचं जास्त वाईट वाटलं.

ऑपरेशन दिवाळीनंतर, हंगाम संपल्यावर करू, असा सरांचा हट्ट होता. डोळ्यातला दाब वाढला आणि डॉक्टरांनी तो हट्ट चालू दिला नाही. ऑक्टोबरच्या एका दुपारी ऑपरेशन झालं. संध्याकाळी मी भेटायला गेले तर सर खाटेवर उताणे, एका डोळ्यावर पट्टी, आणि दुसऱ्यात आधीच फारसं काही उरलं नव्हतं. रेहाना उशाशी बसली होती. पाच वाजले असतील. खोलीतला उजेड एकदम पिवळट झाला, खिडकीची झडप आपटली, आणि कुठेतरी दूर पिंप गडगडत जावं तसा आवाज आला.

सरांनी मान किंचित वळवली. "लोणीकडून येतोय."

"झोपा ना, अब्बा," रेहाना म्हणाली.

"ऐकू येतंय ना तुम्हाला? पूर्वेकडून. मोठा आहे. माथा पार पसरलेला असणार." मग माझ्या दिशेनं, "राऊतबाई, कुठवर आलाय?"

खिडकीतून मला समोरच्या इमारतीची टाकी आणि राखाडी आभाळ यापलीकडे काही दिसत नव्हतं. "उद्या चित्र बघून सांगते, सर," मी म्हणाले. त्यांनी "हं" केलं. मग जो पाऊस आला, तो आजही पुण्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात येतो. गारा, विजा, रस्त्यांचे ओढे. सर पट्टीखाली डोळे मिटून हसत होते. रेहाना आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी गोडबोल्यांच्या दुकानाशी गेले तर दारावर कागद, "वीज कोसळल्यामुळे जग बंद आहे." फोनच्या तारेतून वीज आली आणि मोडेम जळून गेला. ज्या ढगाचं चित्र घ्यायचं, त्यानंच वाट तोडली होती. आसपासच्या दोन्ही कॅफेंची तीच कथा. कॉलेजचे तास सुटेपर्यंत दुपार सरली. मग गोडबोल्यांनी स्कूटर काढली, मला कर्वे रस्त्यावरच्या एका चालू कॅफेशी सोडलं आणि ते मोडेमच्या शोधात गेले. घड्याळात पावणेपाच.

आत रांग होती. सगळी इंजिनिअर पोरं. कुणी अमेरिकेला अर्ज पाठवत होता, कुणी मुलाखतीच्या निरोपाची वाट बघत होता. सगळ्यांच्या चेहऱ्यावर आयुष्य सुरू होणार असल्याची घाई. मला दोन मिनिटं हवी होती. "अरे, जरा पुढे जाऊ द्या, एक चित्र घ्यायचंय," एवढं म्हटलं असतं तर कुणीही वाट दिली असती. पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. कसलं चित्र, असं कुणी विचारलं असतं तर काय सांगायचं? कालचे ढग? ती सगळी पोरं उद्याच्या मागे होती आणि मी काल शोधत होते. मी पर्स पोटाशी धरून शिस्तीत उभी राहिले.

खुर्ची मिळाली तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. चित्र ओळीओळीनं उतरलं. हिमालय, मैदान, विंध्य, कोकण. पुण्यावर ढगाचा ठिपकाही नव्हता. ते आजचं चित्र होतं, आणि काल पुसला गेला होता.

सरांना जाऊन सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "तुम्ही रांगेत उभ्या राहिलात," ते म्हणाले, "पुण्यात राहून तुम्हाला एवढंही जमेना?" मी हसले आणि बाहेर येऊन जिन्यात रडले.

पंधरा दिवसांनी सर प्रयोगशाळेत आले. भिंतीवर ती एक रिकामी जागा होती. त्यांनी एक ट्रेसिंग पेपर मागितला, शेजारच्या चित्रावर ठेवला आणि पेन्सिलीनं, नाक कागदाला लावून, कोकणचा किनारा गिरवला. अर्धा तास लागला. तो रिकामा कागद त्या जागी लावायला सांगून म्हणाले, "किनारा झालाय. ढग मिळाले की घालू." महिनाअखेरीला पाऊस देशाबाहेर पडला. सर एका सकाळी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंग घेऊन चालले. वर्ग खोळंबला होता, कुणी चुळबूळ केली नाही. त्या एका कागदाशीही ते इतरांइतकाच वेळ थांबले.

त्यानंतर चार-पाच वर्षांत त्यांची मधली खिडकीही मिटली. ते निवृत्त झाले, प्रयोगशाळेत संगणक आले, आणि भिंतीवरची चित्रं गुंडाळी करून सरांनी कोंढव्याला मुलीच्या घरी नेली. मी अधूनमधून जाते. ढगांचा विषय निघतो, त्या दिवसाचा मी काढत नाही.

आणि मागच्या आठवड्यात सुनंदाचा निरोप आला. ती आता बाणेरला एका कंपनीत नकाशांचं काम करते, हाताखाली दहा-बारा माणसं आहेत. तिनं लिहिलं होतं, "मॅडम, त्या जुन्या उपग्रहाचा सगळा साठा आता कुणालाही खुला आहे. फॉर्म भरला. कारण विचारलं होतं, अध्यापन लिहिलं. आपला दिवस सापडला." खाली चित्र. त्याखाली, "1200. म्हणजे साडेपाच. ह्या वेळी मी आधीच लिहून ठेवलंय."

परवा मृण्मयीनं चादरी नेल्या, पाऊस पडून गेला, आणि काल सकाळी मी कोंढव्याला गेले. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत. रेहानानं आतून गुंडाळी आणली. तिनं बरोबर तोच एक कागद काढून टेबलावर पसरला. पेन्सिल पुसट झाली होती, पण किनारा होता. सरांनी त्याची दोन टोकं बोटांनी दाबून धरली, कधीकाळी रेहाना टीव्हीवर धरायची तशी.

मी फोनमध्ये बघत ढग काढायला लागले, काढताना बोलत. "केरळवर पातळ थर आहे, सर. बंगालच्या उपसागरात एक मोठा गोळा. आसामात काळोख." ते पेन्सिलीच्या आवाजाकडे कान देऊन होते. "सोलापूरपाशी दोन छोटे. आणि हा एक मोठा. दौंडपासून सुरू होतो, लोणीवरून पुढे. माथा पसरलेला, पूर्वेकडे लांब सावली."

"कुठवर आलाय?" सरांनी विचारलं. तेच शब्द, तोच सूर.

मी पेन्सिल त्या ढगाच्या पश्चिमेच्या कडेवरून फिरवत नेली. "पुण्याच्या वेशीपर्यंत, सर. तुम्ही खाटेवरून सांगितलं होतं तस्साच. पूर्वेकडून."

"मग? मी काय उगीच बोलत होतो?"

रेहानानं तोंडाला ओढणी लावली. मग सरांचं बोट किनाऱ्यावरून चाचपत वर आलं, डोळे पुसून ओल्या झालेल्या माझ्या हाताला लागलं आणि तिथंच थांबलं.

"वेळ घाला," ते म्हणाले. "आपली."

मी कोपऱ्यात लिहिलं, सायंकाळी साडेपाच.